खळ्यावरचं बलुतं, जहाजावरचं पाकीट

वडिलांच्या हातची एक किर्द अजून आमच्या घरात आहे. ते जालन्याच्या मोंढ्यात एका मारवाडी शेठजींच्या अडतीवर दिवाणजी होते. वही 1352 फसलीची, म्हणजे इंग्रजी 1942-43 ची. राज्य निजामाचं, व्यवहार हाली सिक्क्यात. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार मिळायचे. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय ही रोजची खाती संपली की दिवाळीच्या आठवड्यात एक वेगळं पान लागतं. वर मथळा ‘पोस्त’. खाली नावं नाहीत, फक्त कामं: टपालवाला, तारवाला, पाणक्या, न्हावी, रात्रीचा चौकीदार, दुकान झाडणारी. सगळ्यांत शेवटी ‘कचेरीचा चपराशी’, आणि त्याची रक्कम सगळ्यांत मोठी. शेठजींना कोण किती उपयोगी पडतं ते त्या एका पानावरून कळतं.

मीही पुढे त्याच मोंढ्यातल्या दुकानांचे हिशोब लिहिण्या-तपासण्यात जन्म घालवला. त्यामुळे पैसा दिसला की तो कुठल्या खाती टाकायचा, हाच प्रश्न मला आधी पडतो. मुलीने आणि जावयाने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना हौसेने जहाजाच्या सफरीला नेलं, सुइटमध्ये ठेवलं, आणि त्या सुइटला एक बटलर आणि एक कन्सिअर्ज जोडलेले निघाले, तेव्हाही हाच प्रश्न पडला. यांना द्यायचा पैसा पगार खाती, पोस्त खाती की धर्मादाय? मुलगी म्हणाली, “बाबा, टीप म्हणा आणि सोडून द्या.” पण आमच्या जिल्ह्यानेच या प्रश्नाची तीन-चार उत्तरं गेल्या दोनशे वर्षांत पाहिली आहेत. सोडून कसं देणार?

पहिलं उत्तर खळ्यावरचं. अंबड, भोकरदन, परतूर, कुठल्याही गावात जा, ज्वारीची मळणी झाली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट खळ्यावर यायचे आणि आपला वाटा उचलायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात या बारा बलुत्यांच्या कासा दिल्या आहेत: थोरली, मधली, धाकटी. ज्याची कास थोरली त्याचा वाटा मोठा. वर्षभर नांगर-पाभर दुरुस्त करणाऱ्या सुताराने खळ्यावर हात पसरायचा नव्हता. त्याचं माप ठरलेलं होतं. एखाद्याने ते द्यायला खळखळ केली तर पुढच्या पेरणीला त्याची पाभर तशीच पडून राहायची. म्हणून जुनी माणसं अजूनही म्हणतात, बलुतं म्हणजे हक्क, भीक नव्हे.

हे सुतार-लोहारांपुरतं ठीक आहे. सगळ्यांना लागू करायला गेलं की ते खोटं पडतं. महाराकडे काम होतं सरकारचं. सारावसुलीची वर्दी द्यायची, टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, गावची राखण करायची. आणि या सगळ्याचा मोबदला कुणाकडे मागायचा? गावकऱ्यांच्या दारात, तोही संध्याकाळच्या भाकरीच्या तुकड्यांत. गावाची मर्जी फिरली की बलुतं बंद. 1928 साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते नेमकं या जागेवर बोट ठेवणारं होतं. काम सरकारचं असेल तर मोबदल्याची हमी सरकारने घ्यावी, बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवून ती साऱ्याबरोबर वसूल करावी, गावाच्या दयेवर माणूस सोडू नये. विधेयक मंजूर झालं नाही. आमचा मराठवाडा तर तेव्हा निजामाकडे, त्या कायदेमंडळाचा इथे संबंधच नव्हता. पण पगाराचा प्रश्न इतका स्वच्छ मांडलेला मी दुसरीकडे वाचला नाही. राबवून घेणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि दुसऱ्याची इच्छा झाली तरच. ही मांडणी ध्यानात ठेवा, जहाजावर ती पुन्हा भेटते.

दुसरं उत्तर साहेबाच्या छावणीतलं. बटलर हा माणूसही जालन्याला नवा नाही. 23 सप्टेंबर 1803 ला आपल्याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, आणि पुढे इंग्रजी फौज जालन्यात ठाण मांडून बसली. 1817 च्या डिसेंबरात नागपूरच्या भोसल्यांवर चालून गेलेला इंग्रज सेनापती डोव्हटन इथूनच निघाला होता. गावाच्या पूर्वेची छावणी 1827 ची. ती उठली 1903 ला. या फौजेत मद्रासच्या पलटणी होत्या आणि मद्रासकडच्या साहेबाच्या बंगल्यावर मुख्य नोकराला ‘बटलर’ म्हणायची रीत होती. 1886 साली छापलेल्या ‘हॉबसन-जॉबसन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ती नोंद आहे. कुंडलिकेच्या काठी कुणीतरी मद्रासी बटलर साहेबासाठी कोंबड्या आणि अंडी विकत घेत उभा असेल, ही कल्पना मला फार आवडते. बाजार त्याच्या हातात असे आणि प्रत्येक खरेदीवर तो दुकानदाराकडून दस्तुरी घेई. साहेबाला ते ठाऊक असे. मडमा त्यावर कुरकुर करत, पण बंद कुणीच करत नसे, कारण दस्तुरी बंद केली तर पगार वाढवावा लागला असता. साहेबाची बदली झाली की बटलरच्या हाती पडायची एक शिफारशीची चिठ्ठी. तीच त्याची खरी कमाई, कारण पुढचा साहेब ती वाचूनच ठेवून घ्यायचा.

खालून वर जाणारं बक्षीसही निजामाच्या राज्यात होतं. मीर उस्मान अली खान 1911 पासून गादीवर होते. 1937 साली ‘टाइम’ने त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर घेतलं. त्यांच्यापुढे जाणाऱ्याने एक अशर्फी आणि चार रुपये नजर करायचे हा रिवाज, आणि ती नजर ते ठेवूनही घेत. वडिलांच्या वहीतला चपराशी त्याच शिडीच्या तळाचा. त्याला पोस्त मिळाली नाही तर कागद पुढे सरकत नसे. याला टीप म्हणू नये. नजराण्यावर चालणाऱ्या राज्यात कारकुनापासून चपराशापर्यंत प्रत्येकाने आपापला छोटा दरबार उघडला होता.

तिसरं उत्तर आमच्या मोंढ्याचं, आणि ते मला सगळ्यांत पटतं. पूर्वी हमालाला पोत्यामागे काय मिळायचं ते शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार यांच्या ओढाताणीत ठरायचं. सांडलेलं धान्य झाडणाऱ्या बाईचं, वानगी म्हणून काढलेली मूठ कुणाची यावर भांडणं. शेतकऱ्याच्या पट्टीतून मात्र धर्मादाय, गोशाळा, पाणपोई अशा नावांनी भरमसाठ कपात व्हायची. हैदराबाद संस्थानाने 1930 साली शेतमाल बाजाराचा कायदा केला, त्यामागे ही लूट आवरण्याचाच हेतू होता. हमालांचं भलं त्याने फारसं झालं नाही. ते झालं महाराष्ट्राच्या 1969 च्या माथाडी कायद्याने. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली होती, त्यांच्या रेट्यातून तो आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पगार. कायदा सगळीकडे सारखा पाळला जातो असं म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही; तपासणीला बसणाऱ्याला खाचाखोचा माहीत असतात. तरीही पाठीवर शंभर किलो घेणाऱ्या माणसाला शेठजीच्या दिवाळीच्या मूडवर अवलंबून राहावं लागू नये, हे तरी कायद्याने लिहून ठेवलं.

आता जहाज. जालन्याला समुद्र नाही. डिसेंबर 2015 मध्ये आमच्या ड्राय पोर्टची पायाभरणी झाली, तेव्हा ‘बिनपाण्याचं बंदर’ म्हणून आम्ही पोटभर हसलो. पण जहाजावर चाकरी करणारा माणूस मराठी मुलखाला परका कधीच नव्हता. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि जेवणाच्या सलूनमधले स्ट्युअर्ड, आचारी गोव्याचे, अशी कामाची वाटणी एकोणिसाव्या शतकातच पडली होती. बोट लागेपर्यंत हे गोवेकर मुंबईला धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहायचे. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, म्हणून प्रवास संपताना उतारू हातावर काय ठेवतो याकडे डोळे.

अमेरिकेत याच सुमाराला रेल्वेच्या शयनयानांत दुसरी गोष्ट घडत होती. जॉर्ज पुलमनच्या कंपनीने गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून ठेवलं. बिछाने घाला, बूट पुसा, रात्रभर घंटीला ओ द्या. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांकडून मिळवा. प्रवासी त्या सगळ्यांना सरसकट ‘जॉर्ज’ अशीच हाक मारत. नावं गाळून कामं लिहिण्याची खोड आमच्या पोस्तीच्या पानापुरती नव्हती तर! 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना काढली आणि 1937 साली कंपनीला करारावर सही करायला लावली. आजच्या क्रूझ जहाजांवर टीपेची जी रीत आहे ती घराण्याने अमेरिकनच.

आमचा बटलर गोव्यातल्या सासष्टीचा निघाला. आजोबाही ‘तारवटी’, म्हणजे बोटीवर चाकरी करणारे होते, म्हणाला. पहिल्या दिवशी मी सवयीने बॅग उचलायला वाकलो तर, “काका, ती राहू द्या, माझं काम आहे,” म्हणून त्याने ती हातातून काढून घेतली. हिच्या साड्या त्याने एकेक करून टांगल्या, काठाची घडी बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे हवी ती न उलगडता ओळखू यावी. चहा पहिल्यांदा आला तो पिशवी बुडवलेला. मी काही बोललो नाही, पण निम्मा कप तसाच राहिलेला त्याने पाहिला असावा. दुसऱ्या सकाळी आलं घालून उकळलेला चहा आला. हे कुठल्या कामाच्या यादीत असेल असं मला वाटत नाही.

कन्सिअर्जचं काम वेगळं. तो टेबलामागे बसतो, हॉटेलात जागा धरून देतो, किनाऱ्यावरच्या सहलींची तिकिटं करतो, तक्रार ऐकतो. त्याचा रुबाब पाहून द्यावं की नाही असा संकोच वाटतो. माझं मत: नेहमीच्या कामाला त्याला काही देऊ नये, आपल्यासाठी खरोखर धावपळ केली असेल तरच द्यावं.

पैशाची व्यवस्था अशी असते. बहुतेक कंपन्या माणशी रोजची एक रक्कम आपल्या खात्यावर आपोआप चढवतात, सुइटवाल्यांना थोडी जास्त. मोठ्या अमेरिकन जहाजांवर आज ती रोजच्या वीस डॉलरच्या आसपास जाते. ती खोली झाडणारे, वाढपी, पडद्यामागचे लोक यांच्यात वाटली जाते. बटलर त्यात असेलच असं नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइन स्पष्टच सांगते की बटलर आणि कन्सिअर्ज या रकमेत धरलेले नाहीत, त्यांना उतारूंनी वेगळं द्यावं. उलट सिल्व्हरसी, रीजंट या महागड्या कंपन्या टीप भाड्यातच घेतात. मला दुसरी रीत प्रामाणिक वाटते. माणूस तुमचा, गणवेश तुमचा, मग त्याचा मोबदला तुमच्या भाड्यात का नसावा? पहिल्या रीतीत कंपनी पगाराचा एक हिस्सा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर ढकलते. आंबेडकरांनी 1928 साली दाखवलं होतं ते हेच.

म्हणून आम्ही हिशोब लावला तो असा. खात्यावर आपोआप चढलेली रक्कम पगार खाती. बटलरला शेवटच्या संध्याकाळी पाकिटात दिले ते, रोजचे दहा डॉलर धरून, तेही पगार खातीच. फक्त आल्याच्या चहाचे वरचे थोडे मी पोस्त खाती टाकले. बायको म्हणाली, तुम्हाला जहाजावरही दिवाणजीपण सुटत नाही. ते खरं आहे.

आता एक विनंती, कारण जालना-संभाजीनगरकडची मंडळीही हल्ली टोळ्याटोळ्यांनी सिंगापूरच्या, मुंबई-गोव्याच्या क्रूझला जातात. काही जहाजांवर ती रोजची रक्कम काउंटरवर जाऊन काढून घेता येते, आणि आपले लोक ‘एवढे पैसे वाचवले’ म्हणून ते फुशारकीने सांगतात. तसं करू नका. सेवा वाईट मिळाली असेल तर तक्रार लेखी द्या, पण वाढप्याच्या आणि झाडणाऱ्याच्या तोंडचा घास काढू नका. सुइट घेत असाल तर तिकीट काढतानाच कंपनीला विचारा, बटलर या रकमेत धरला आहे का. नसेल तर तेवढे पैसे घरूनच वेगळे काढून ठेवा, रोख आणि सुटे. शेवटच्या दिवशी ते स्वतः त्याच्या हातात द्या, त्याचं नाव घेऊन.