डोळे येणें : एक नांव, अनेक रोग

इ. स. २०२३ च्या जुलै महिन्यांत आळंदी येथील शाळकरी मुलांचे डोळे एकामागून एक लाल होऊं लागले. पाहतां पाहतां सांथ महाराष्ट्रभर पसरली व रोग्यांची संख्या लाखांच्या घरांत गेली. आरोग्यखात्यानें अॅडेनो नामक विषाणूवर बोट ठेवलें.

ही आपत्ति नवी नव्हती. १९६९ सालीं आफ्रिकेंतील घाना देशांत डोळ्यांत रक्त उतरविणारा एक रोग उद्भवला. त्याच वर्षीं अपोलो यानानें माणूस चंद्रावर पोंचला, म्हणून रोगासही 'अपोलो' नांव पडलें. १९७१ सालीं तो मुंबईंत आला; बंगालकडे त्यासच 'जय बांगला' म्हणत. तोही विषाणूचाच प्रताप होता.

दरम्यान, आळंदीहून थोड्याच कोसांवर, पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. अनेक जंतूंना मारणारें शस्त्र देशास लाभलें खरें. परंतु विषाणूपुढें तें बोथट ठरतें. म्हणूनच रोगाची जात ओळखणें अगत्याचें आहे.

विषाणूनें आलेल्या डोळ्यांतून पाणी गळतें, कधीं कानापुढील गांठ सुजते. थंड पाण्याच्या घड्या, विश्रांति व स्वच्छता यांनीं बहुधा दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो. जंतूंमुळें पिवळसर पू येतो, सकाळीं पापण्या चिकटतात. तेथें जंतुनाशक थेंब उपयोगी पडतात. धूळ वा परागांचें वावडें असल्यास दोन्ही डोळ्यांस अनावर खाज सुटते. हा प्रकार संसर्गजन्य नव्हे. नवजात अर्भकाच्या डोळ्यांत पू दिसल्यास मात्र एक दिवसही दवडूं नये. अशाच अर्भकांची दृष्टि वांचविण्यासाठीं जर्मन वैद्य क्रेडे यानें १८८० च्या सुमारास रौप्यक्षाराचे थेंब योजिले होते.

रोग्याकडे नुसतें पाहिल्यानें डोळे येतात, ही समजूत निराधार आहे. लागण होते ती हात, रुमाल व उशी यांच्या द्वारें. त्याहून घातक आहे ती दुकानांतून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड थेंबांची संवय. नागिणीच्या जातीचा विषाणू असल्यास त्यांनीं बुबुळावरील व्रण चिघळून दृष्टि जाऊं शकते. तीव्र ठणका, उजेड न सोसणें वा अंधुक दिसणें, यांपैकीं एकही लक्षण दिसतांच नेत्रवैद्याचें दार गांठावें. घरगुती उपायांची मर्यादा तेथें संपते.