चिचुंद्री आणि बुटकी चिचुंद्री
सोरिसिडी कुलाच्या सन्कस प्रजातीतील दोन कीटकभक्षी सस्तन प्राणी. गोठ्यात, धान्याच्या पोत्यांमागे दिसते ती घरगुती चिचुंद्री (सन्कस म्युरिनस, लिनीअस, १७६६). तिला लोक उंदीर समजून मारतात, पण तिचा कृंतक गणाशी संबंध नाही आणि झुरळे खाऊन ती उपकारच करते. रात्री ‘चिक्‌चिक्’ करीत ती भिंतीच्या कडेकडेने पळते. तिच्या कुशीतील ग्रंथींच्या उग्र वासामुळे मांजर तिला मारते, पण बहुधा खात नाही. पिले एकमेकांच्या शेपटीजवळ तोंडाने धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात.

बुटकी चिचुंद्री (सन्कस एट्रस्कस, साव्ही, १८२२) भूमध्य प्रदेशापासून भारतापर्यंत पसरलेली आहे. लांबट तुंड, बारीक डोळे आणि शेपटीवरील विरळ लांब केस दोघींचे सारखेच, फरक आकाराचा. घरगुती चिचुंद्री ५० ग्रॅमच्याही पुढे जाते, तर बुटकी जेमतेम २ ग्रॅम भरते. वजनाने ती सर्वांत लहान सस्तन प्राणी आहे. तिचे हृदय मिनिटाला १,००० हून अधिक ठोके देते, म्हणून तिला सतत खावे लागते. घरात ती सहसा येत नाही. दगडांच्या फटी व पालापाचोळा तिला पुरतो.