युरोपीय विद्यार्थी आणि त्यांच्या भारतीय जोडीदारांचा निवासहक्क : गोव्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बारामती वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या विवाहित विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी युरोपात जावयाचे असेल, तर पत्नीला सोबत नेता येईल किंवा नाही हे त्या त्या देशाचा कायदा ठरवितो. युरोपीय संघाच्या 2016 च्या निर्देशाने परदेशी संशोधकांच्या कुटुंबीयांची दखल घेतली. विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांचा प्रश्न मात्र सदस्य राष्ट्रांवर सोपविला. याउलट सासष्टी किंवा बारदेशातील त्याच वयाच्या विद्यार्थ्याजवळ पोर्तुगीज पारपत्र असेल, तर जर्मनीत शिकताना भारतीय पत्नीला सोबत ठेवणे हा त्याचा कायदेशीर हक्क ठरतो. हा भेद कोठून आला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोवा आणि नागरिकत्वाचा प्रश्न :

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 28 मार्च 1962 च्या नागरिकत्वविषयक आदेशान्वये, जे स्वतः किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा त्यापूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, ते भारतीय नागरिक ठरले. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांना एक महिन्याच्या आत लेखी निवेदन करण्याची मुभा होती. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व 31 डिसेंबर 1974 च्या कराराने मान्य केले. तरीही मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलांना लिस्बन येथे जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग पुढील दशकांत खुला राहिला. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात सामील झाला आणि या जुन्या जन्मनोंदींना नवेच मोल आले.

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. परिणामी एकाच घरात पती युरोपीय आणि पत्नी भारतीय, किंवा याच्या उलट, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

7 जुलै 1992 :

लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने या एकाच दिवशी तीन निर्णय दिले. तिघांतही गोव्याचा उल्लेख नाही. परंतु आपल्या विषयाचे तीनही धागे त्यांत सापडतात.

पहिला निर्णय मिकेलेट्टी प्रकरणाचा. अर्जेंटिना व इटली या दोन्ही देशांचे नागरिकत्व असलेल्या दंतवैद्यास स्पेनने युरोपीय मानण्यास नकार दिला होता. एका सदस्य राष्ट्राने दिलेले नागरिकत्व दुसऱ्याने जादा अटी लादून नाकारू नये, असे न्यायालयाने ठरविले. या तत्त्वामुळे मडगावात वाढलेल्या पोर्तुगीज नागरिकासही तो लिस्बनमध्ये कधी राहिला होता काय, असा प्रश्न विचारून अडविता येत नाही.

दुसरा निर्णय सुरिंदर सिंग प्रकरणाचा. या भारतीय गृहस्थाचा विवाह ब्रिटिश स्त्रीशी झाला होता. दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि 1985 मध्ये ते ब्रिटनला परतले. दुसऱ्या सदस्य राष्ट्रात काम करून स्वदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारासही युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळेल, असे न्यायालयाने म्हटले.

तिसरा निर्णय थेट विद्यार्थ्यांविषयीचा. 1990 चा विद्यार्थी-निवासाचा निर्देश चुकीच्या कायदेशीर आधारावर काढल्यामुळे तो रद्द झाला. मात्र पर्यायी व्यवस्था होईपर्यंत त्याचे परिणाम कायम ठेवण्यात आले. त्याच्या जागी 29 ऑक्टोबर 1993 रोजी नवा निर्देश आला. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश, आजारपणाचा विमा आणि पुरेशा साधनांची हमी या त्याच्या अटी होत्या. त्या पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याचा जोडीदार युरोपीय नसला तरी त्याला निवासाचा व नोकरीचाही हक्क मिळाला.

हक्काच्या मर्यादा :

2004 च्या एकत्रित निर्देशाने ही रचना पुढे चालविली. कामगाराला आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही सोबत ठेवता येते. विद्यार्थ्याचे कुटुंब मात्र जोडीदार, नोंदणीकृत सहचर व अवलंबून असलेली मुले एवढेच मानले गेले. वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत राष्ट्रांनी प्रवेश सुलभ करावा, एवढीच अपेक्षा आहे. 25 जुलै 2008 च्या मेटॉक निर्णयाने जोडीदाराचे आधी एखाद्या सदस्य राष्ट्रात कायदेशीर वास्तव्य असावे, ही अट अमान्य केली.

तथापि जोडीदाराचा हक्क स्वतंत्र नाही, तो युरोपीय नागरिकाच्या हक्कातून निघतो. शिवाय हा निर्देश नागरिक स्वतःच्या राष्ट्राबाहेरील सदस्य राष्ट्रात राहतो तेव्हाच लागू होतो. तोच गोमंतकीय विद्यार्थी लिस्बनला शिकू लागला, तर त्याच्या पत्नीचा प्रश्न प्रथमतः पोर्तुगीज कायद्याकडे जातो. 31 डिसेंबर 2020 रोजी ब्रिटनचा संक्रमणकाळ संपला आणि तेथे नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकांना हा मार्ग बंद झाला.

निष्कर्ष :

पत्नीचा हक्क पतीच्या नागरिकत्वावर, ते नागरिकत्व आईवडिलांच्या जन्मनोंदीवर आणि त्या नोंदीचे मोल 1961 पूर्वीच्या वसाहतीच्या सीमेवर अवलंबून राहिले. विवाह दोन्ही विद्यार्थ्यांचा सारखाच. शिक्षणाची ओढ आणि विरहाचे दुःखही सारखेच. तरीही इंदापूरच्या विद्यार्थ्यास जे परवानगी म्हणून मागावे लागते, ते सासष्टीच्या विद्यार्थ्यास हक्क म्हणून मिळते. त्यासाठी गोव्याच्या विद्यार्थ्याला भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, हेही विसरता येत नाही. कौटुंबिक सहवासाचा हक्क माणसाला मिळावा की पारपत्राला, हा प्रश्न युरोपीय कायद्याने अद्याप पूर्णपणे सोडविलेला नाही.