एरंडी तेलापासून पॉलिओल: तेलाची प्रत शेतावरच ठरते

गादीतील फोम, फ्रीजच्या भिंतीतील उष्णतारोधक थर, फरशीवरील लेप ही सारी पॉलियुरेथेनची रूपे आहेत. पॉलिओल आणि आयसोसायनेट यांच्या संयोगातून पॉलियुरेथेन तयार होते. पॉलिओल बहुतांशी खनिज तेलापासून बनते. मात्र वनस्पती तेलही त्यासाठी चालते. त्यात सर्वांत सोयीचे एरंडीचे. एरंडी उत्पादनात भारत जगात पहिला असून देशात गुजरात आघाडीवर आहे.

एरंडी तेल वेगळे का?

आयसोसायनेटशी जोडले जाण्यासाठी तेलाच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट लागतात. एरंडी तेलात सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते आणि त्यावर हा गट निसर्गतःच असतो. त्यामुळे शुद्ध करून पाणी काढलेले एरंडी तेल लेप, चिकटद्रव्ये यांसाठी थेट पॉलिओल म्हणून वापरता येते.

सोयाबीन तेलात हे गट नसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्ल वापरून त्यावर आधी इपॉक्सी वलये तयार करतात. मग मिथेनॉलसारख्या अल्कोहोलने ती उघडतात. फोर्ड कंपनीने २००८ च्या मस्टँग मोटारीच्या आसनांत सोया तेलाचा अंश असलेला फोम वापरला. ही प्रक्रिया कारखान्यात होते. त्यासाठी सोयाबीनचे वेगळे वाण पेरण्याची गरज नाही.

ओल आणि आम्लता का नको?

एरंडीच्या बियांत लायपेज हे विकर असते. बी फुटले किंवा ओले राहिले की ते तेलाचे विघटन करते आणि मुक्त मेदाम्ले वाढतात. पाणी आणि ही आम्ले आयसोसायनेटशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. लेपात नको तिथे बुडबुडे येतात, मजबुती घटते. असे तेल शुद्ध करण्याचा खर्च वाढतो आणि तो शेवटी तुमच्या भावातून वजा होतो.

काढणी व साठवण

• सर्व घड एकदम पक्व होत नाहीत. बोंडे पिवळसर-तपकिरी होतील तसे घड टप्प्याटप्प्याने तोडा. अपक्व बियांत तेल कमी असते.
• घड उन्हात चांगले वाळवूनच मळणी करा.
• मळणी यंत्राची फट बियांच्या आकारानुसार ठेवा. फुटलेले बी वेगळे काढून लवकर विका.
• पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा.
• इतर धान्याप्रमाणे दाताखाली चावून वाळण पाहू नका. एरंडीचे बी विषारी आहे.

पेंडीबाबत सावधान

रिसिन हे विष तेल काढल्यावर पेंडीत राहते. ही पेंड सेंद्रिय खत म्हणून वापरा. जनावरांना खाऊ घालू नका. गोठ्यापासून दूर, झाकून ठेवा.

करार करण्यापूर्वी

‘पॉलिओलसाठी एरंडी’ म्हणून कोणी जादा भावाचे आश्वासन दिले, तर केवळ त्या शब्दावर क्षेत्र वाढवू नका. भाव, ओलाव्याची मर्यादा, फुटलेल्या बियांचे प्रमाण आणि वजावटीची पद्धत लेखी घ्या. मालाचा नमुना तुमच्यासमोर काढला जाईल, हेही करारात लिहून घ्या.