सही प्राध्यापकाची, हात सरकारचा

१/
११ मार्च १९८५. 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये निकाराग्वाच्या लष्करी सिद्धतेविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्या चिमुकल्या देशाचे लष्कर स्वसंरक्षणाच्या गरजेपलीकडे वाढत आहे, असा त्याचा आशय. लेखक टेक्सासमधील राइस विद्यापीठाचे प्राध्यापक. अर्थातच वाचकांनी तो एका स्वतंत्र अभ्यासकाचे मत म्हणून वाचला.

२/
दोनच दिवसांनी अमेरिकी परराष्ट्र खात्यातील एका कार्यालयातून व्हाइट हाउसला एक गोपनीय टिपण गेले. आपल्या 'श्वेत प्रचारा'चा नमुना म्हणून त्यात हाच लेख जोडलेला होता. प्राध्यापक त्या कार्यालयाचे सल्लागार होते आणि लेख सिद्ध करण्यात तेथील कर्मचाऱ्यांचा हात होता. अधिकृतरीत्या मात्र कार्यालयाचा या लेखाशी काहीही संबंध नाही, असेही टिपणात नमूद होते.

३/
हे कार्यालय का निर्माण झाले, याचे उत्तर १९७९ मध्ये आहे. त्या वर्षी जुलैत सँडिनिस्टा क्रांतिकारकांनी निकाराग्वातील सोमोझा घराण्याची हुकूमशाही उलथवली. १९८१ मध्ये सत्तेवर आलेल्या रोनाल्ड रेगन यांना हे नवे राज्य म्हणजे मध्य अमेरिकेतील सोव्हिएत-क्यूबन तळ वाटे. त्याविरुद्ध लढणाऱ्या 'काँट्रा' बंडखोरांना सीआयएमार्फत मदत सुरू झाली.

४/
अमेरिकी जनतेला हे धोरण पटत नव्हते. व्हिएतनामची जखम ताजी होती. डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निकाराग्वाचे सरकार उलथवण्यासाठी पैसा खर्च करण्यास मनाई केली. ऑक्टोबर १९८४ मध्ये तर काँट्रांची लष्करी मदतच तोडली. बंडखोरांचे युद्ध आता मनाग्वाइतकेच वॉशिंग्टनमध्ये लढावे लागणार होते.

५/
त्याची तयारी आधीच सुरू झाली होती. १४ जानेवारी १९८३ रोजी रेगन यांनी राष्ट्रीय सुरक्षा निर्देश क्रमांक ७७ वर स्वाक्षरी केली. निरनिराळ्या खात्यांच्या 'पब्लिक डिप्लोमसी'चे, म्हणजे लोकांपर्यंत सरकारी धोरणाची बाजू नेण्याच्या कामाचे, सूत्रसंचालन त्याद्वारे राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडे आले. परिषदेत ही जबाबदारी वॉल्टर रेमंड यांच्याकडे होती. सीआयएमध्ये दीर्घकाळ सेवा केलेले रेमंड प्रचारतंत्राचे जाणकार होते.

६/
त्याच वर्षी लॅटिन अमेरिका व कॅरिबियनसाठीचे पब्लिक डिप्लोमसी कार्यालय स्थापन झाले. प्रमुख होते क्यूबात जन्मलेले ऑटो राइश. कागदोपत्री कार्यालय परराष्ट्र खात्याचे. प्रत्यक्षात दिशा मिळे ती सुरक्षा परिषदेकडून. पुढे लष्कराच्या मानसशास्त्रीय युद्धपथकातील पाच तज्ज्ञही येथे नेमले गेले. शत्रूचे मनोधैर्य खचवण्याची विद्या शिकलेली माणसे आता स्वदेशातील वादात कामाला लागली होती.

७/
कार्यालयाचे बरेचसे काम उघड होते. पुस्तिका छापल्या जात, व्याख्याने होत, संपादकांच्या भेटी घेतल्या जात. महाविद्यालयांची ग्रंथालये, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, अग्रलेखक, धार्मिक संस्था अशा सर्वांकडे साहित्य जाई. त्यावर सरकारचे नाव असे. सँडिनिस्टांच्या बाजूचा वाचक ते खोडून काढू शके आणि तटस्थ वाचक त्यातील सरकारी स्वार्थ वजा करून उरलेले स्वीकारू शके.

८/
दुसरा मार्ग निनावी होता. सल्लागारांना सरकारी पैसा देऊन लेख लिहून घ्यायचे. काँट्रा नेत्यांच्या सहीसाठी लेख तयार करायचे. त्यांच्या दौऱ्यांची आणि पत्रकारांशी भेटींची व्यवस्था पडद्याआडून करायची. एका खासगी जनसंपर्क कंपनीला यासाठी चार लाख डॉलरांहून अधिक रकमेची कंत्राटे मिळाली.

९/
येथे 'श्वेत प्रचार' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवे. प्रचारशास्त्रात ज्याचा स्रोत उघड असतो तो श्वेत, ज्याचा लपवलेला तो करडा, आणि जो खोट्या नावावर खपवला जातो तो कृष्ण. या कसोटीवर प्राध्यापकांचा तो लेख श्वेत ठरत नाही. टिपण लिहिणाऱ्याने आपल्याच कामाला चुकीचे लेबल लावले होते.

१०/
या साऱ्याचा परिणाम काय झाला? जनमत चाचण्यांत बहुसंख्य अमेरिकी शेवटपर्यंत काँट्रांच्या मदतीविरुद्धच राहिले. काँग्रेसचे मत मात्र वळले. मार्च १९८६ मध्ये प्रतिनिधिगृहाने १० कोटी डॉलरांची मदत २२२ विरुद्ध २१० मतांनी फेटाळली. २५ जूनला तीच मदत २२१ विरुद्ध २०९ मतांनी मंजूर केली. त्यामागे अनेक कारणे होती. पण 'कम्युनिस्टांना सवलत देणारा' हा शिक्का टाळण्याची धडपड त्यांपैकी एक होती. दोनच दिवसांनी, २७ जूनला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध निकाल दिला.

११/
नोव्हेंबर १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण फुटले आणि या कार्यालयाची कागदपत्रेही तपासली जाऊ लागली. ३० सप्टेंबर १९८७ रोजी काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेच्या प्रमुखांनी निर्णय दिला: कार्यालयाने निषिद्ध असा छुपा प्रचार केला आणि काँग्रेसने मंजूर न केलेल्या कामावर सरकारी निधी खर्च केला. आधार होता त्या प्राध्यापकांच्या लेखासारख्या मोजक्या उदाहरणांचा.

१२/
या निर्णयातील भेद महत्त्वाचा आहे. सरकारने आपली बाजू मांडू नये, असे त्यात म्हटलेले नाही. शेकडो एकांगी पुस्तिका नियमात बसल्या, कारण त्यांच्यावर बोलणाऱ्याचे नाव होते. दोषी ठरले ते मोजके लेख, ज्यांच्यावर दुसऱ्याचेच नाव होते. मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न तेथे दुय्यम होता. नागरिकाच्या करातून घडवलेले मत त्याच नागरिकाला त्रयस्थाचे म्हणून वाचायला देणे, हा अपराध होता.

१३/
डिसेंबर १९८७ मध्ये कार्यालय बंद पडले. निकाराग्वातील युद्धात तोवर हजारो माणसे मेली होती. त्या छुप्या लेखांबद्दल कोणावरही खटला चालला नाही. राइश १९८६ मध्येच राजदूत म्हणून व्हेनेझुएलाला गेले होते. २००२ मध्ये ते पुन्हा परराष्ट्र खात्यात उच्चपदी आले. उरले ते १३ मार्च १९८५ चे टिपण. वरिष्ठांना आपले यश दाखवण्यासाठी लिहिलेला तो कागद पुढे त्या कार्यालयाविरुद्धचा पुरावा ठरला.