पडद्यावरचे तळे आणि महाडचे तळे

मत्स्यशेती शिकवण्यासाठी आता आभासी क्षेत्रभेटी निघाल्या आहेत. समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला की वस्तीतल्या मुलामुलींना मत्स्यबीज केंद्र घरबसल्या दिसते. मत्स्यजिरे कसे वाढते, त्याची बोटुकली कधी होते, सारे कळते. याला आमचा विरोध नाही. जिथे एसटीचे भाडे परवडत नाही आणि मुलींना बाहेरगावी पाठवत नाहीत, तिथे हे साधन मोलाचेच आहे. पण अशा एका सत्रानंतर एका मुलीने विचारले, "हे तळे कोणाचे?" पडद्याकडे उत्तर नव्हते. ते इतिहासाकडे आहे.

कटला, रोहू, मृगळ हे नदीत वाढणारे मासे साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. तोच दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी राहिली. मत्स्यशेतीच्या धड्यात इतका इतिहास असतो.

आमचा इतिहास त्याआधी सुरू होतो. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. तरी चवदार तळ्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले, आणि परतणाऱ्या आमच्या माणसांची डोकी फुटली. पुढे कज्जा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात स्पृश्यांचा वहिवाटीचा दावा टिकला नाही.

१९३७ आणि १९५७ यांत अंतर फक्त वीस वर्षांचे. ज्यांना तळ्याचे पाणी पिण्यासाठी कोर्टात लढावे लागले, त्यांच्या नावावर मासे सोडायला तळी कुठून असणार? विज्ञानाने बीज खुले केले, तळे नाही.

संविधानाच्या कलम १५ ने सरकारी पैशातील विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात जातिभेदाला बंदी केली. ही महाडचीच कमाई. पण पाणी वापरण्याचा हक्क वेगळा आणि मासळीचे उत्पन्न वेगळे. ते उत्पन्न ठेक्यावर आणि सहकारी संस्थेच्या सभासद यादीवर ठरते. भोई, ढिवर बांधवांचा पिढीजात हक्क काढून घ्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांचे श्रमही जातिव्यवस्थेने स्वस्तच ठेवले. भूमिहीनाला आणि मच्छीमाराला एकमेकांशी झुंजवणाऱ्यांपासून दोघांनीही सावध राहावे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: पडदा बंद झाला की पोरांना गावच्या तळ्यावर न्या. तिथून ग्रामपंचायतीत न्या. तळे कोणाच्या मालकीचे, ठेका कोणाला, किती वर्षांसाठी, किती रकमेला, संस्थेत सभासद कोण, हे त्यांनाच विचारू द्या. माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

मासा कसा वाढतो हे पडद्यावर शिकता येते. तळ्यावर हक्क कसा मागायचा, हे महाडने शिकवले आहे. दोन्ही धडे एकत्र दिले नाहीत, तर आमची पोरे दुसऱ्याच्या तळ्यावरचे कुशल मजूर तेवढी होतील.

जय भीम!