भविष्यकाळ (इंग्रजी)

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतंत्र प्रत्यय नाही. मराठीत 'कर' धातूची 'करीन, करशील, करील' अशी रूपे होतात. इंग्रजीत रूपे वर्तमान आणि भूत या दोनच काळांची. पुढची गोष्ट सांगायला साहाय्यक क्रियापद जोडतात किंवा वर्तमानकाळच वापरतात. निवड बोलणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते: गोष्ट आधीच ठरलेली आहे, चिन्हांवरून दिसते आहे की आत्ताच मनात आली आहे? पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात बोलणे मराठीत आणि कागद इंग्रजीत असल्याने हा फरक रोजच्या कामात भेटतो.

वर्तमानकाळ. वेळापत्रकातल्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ चालतो: 'द सेकंड शिफ्ट स्टार्ट्स ॲट थ्री टुमॉरो'. व्यक्तीने ठरवलेल्या भेटीगाठींना चालू वर्तमानकाळ: 'द ऑडिटर इज कमिंग ऑन मंडे'. मराठीतल्या 'सोमवारी ऑडिटर येतोय'शी हे जुळते. मराठी याही पुढे जाऊन 'आलोच' असे भूतकाळी रूप वापरते. इंग्रजीत तिथे 'आय ॲम कमिंग' म्हणतात.

'गोइंग टू'. आधी केलेला बेत किंवा समोरच्या चिन्हांवरून बांधलेला अंदाज. मराठीचे '-णार' याच्या सर्वांत जवळचे: 'बेल्ट तुटणार आहे'.

'विल'. भाकीत, वचन आणि त्या क्षणी घेतलेला निर्णय. टूल कोण बदलणार असे विचारल्यावर मराठी कामगार 'मी बदलतो' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'आय विल चेंज इट' हवे, साधा वर्तमानकाळ चालत नाही. 'विल' तर्कही दाखवते, मराठीच्या 'असेल'सारखे: 'दॅट विल बी द टेंपो', म्हणजे तो टेंपोच असेल.

'शॅल'. 'विल'चा मूळ अर्थ इच्छा, 'शॅल'चा देणे किंवा बांधिलकी. जॉन वॉलिस यांनी १६५३ च्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात नियम मांडला, की भाकितासाठी प्रथमपुरुषी 'शॅल' आणि इतरत्र 'विल'. आज तो फारसा पाळला जात नाही. मात्र वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या दर्जा-मानकात 'शॅल' म्हणजे सक्तीची अट आणि 'शुड' म्हणजे शिफारस. तिथे 'शॅल'चे भाषांतर 'करील' नव्हे, 'केलेच पाहिजे' असे होते.

अट आणि वेळ. 'इफ' आणि 'व्हेन'ने सुरू होणाऱ्या अटीच्या किंवा वेळेच्या उपवाक्यात सहसा 'विल' येत नाही. 'माल येईल तेव्हा लाइन सुरू करू' या धाटणीमुळे 'व्हेन द मटेरियल विल कम' अशी चूक होते. शुद्ध रूप 'व्हेन द मटेरियल कम्स, वुई विल स्टार्ट द लाइन'.

संयुक्त रूपे. ठरावीक वेळी चालू असणाऱ्या क्रियेला 'विल बी' आणि '-इंग'चे रूप. त्या वेळेपर्यंत संपलेल्या क्रियेला 'विल हॅव': 'शनिवारपर्यंत डिस्पॅच झालेले असेल'.